बंदींतून सुटलेले शिपाई आणि त्यांचा गोतांत पुनःप्रवेश

अफजलखानाच्या प्रसंगानंतर शिवछत्रपतींनीं आपल्या लोकांचा परामर्श कसा घेतला, हें कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत सांगितलें आहे. जे पडले त्यांच्या मुलांचें चालविलें; ज्यांस मूल नव्हतें त्यांच्या बायकांस निमे वेतन करून दिलें; जे जखमी झाले त्यांस जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशें होनांपर्यंत बक्षीस दिलें. ही यादी वाचतांना एक गोष्ट मनांत येते, ती अशी कीं, मेलेल्याचें सदर तींत आहे, जखमीचें आहे, परंतु शत्रूच्या हातीं सांपडून कांहीं काळानें परत आलेल्या शिपायाचें सदर नाहीं. सदर नाहीं म्हणून तसा माणूसच नव्हता असें मात्र नव्हे. सतराव्या व अठराव्या शतकांत मोगल, हैदर, टिपू, अबदाली यांच्या छावण्यांतून व किल्ल्यांतून मराठी शिपाई, सरदार व कारकून परत येत होते. परत आल्यावर त्यांचें काय झालें, त्यांस घरांत, पंगतींत व चाकरींत कोणीं व कोणत्या रीतीनें घेतलें, याचा कागदोपत्रीं जो माग लागतो तो एकत्र मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा विषय मजपुढें पोथ्यांतून आला नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. माझा एक जुना विद्यार्थी पलटणींत बरींच वर्षें चाकरी करून गांवीं आला. बांधाच्या तंट्यांत त्याच्या हातून मारामारी होऊन त्यास शिक्षा झाली. ती भोगून सुटल्यावर तो एका संस्थेंत पहारेकऱ्याची जागा मागावयास गेला. तेथें त्याची पलटणींतील चाकरी कोणीं विचारली नाहीं, तुरुंगांतील वर्षें मात्र विचारलीं. मजकडे वर्तणुकीचा दाखला मागण्यास आला तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, शिक्षा संपल्याचा कागद मजजवळ आहे; पण ती संपली हें कोण मानणार?” मीं त्यास दाखला लिहून दिला. त्याच्या प्रश्नाचें उत्तर मात्र मला त्या वेळीं देतां आलें नाहीं, म्हणून सवयीप्रमाणें ग्रंथ उघडले.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत याचें उत्तर इतक्या स्पष्टपणें दिलेलें आहे कीं, तें आपल्या व्यवहारांत इतकें कसें विसरलें गेलें याचें आश्चर्य वाटतें. अपराध्यानें राजदंड भोगला कीं तो निर्मळ झाला, व पुण्यकर्म करणाऱ्या सज्जनाप्रमाणेंच तो स्वर्गास जातो, असा त्या वचनाचा आशय आहे. म्हणजे दंड हेंच शोधन. दंडानंतर दोष शिल्लक राहत नाहीं. अकराव्या अध्यायांत, प्रायश्चित्त घेऊन शुद्ध झालेल्याची कोणींहि किळस करूं नये, असें आणखी सांगितलें आहे. शास्त्रकारांस मनुष्यस्वभाव ठाऊक होता. शुद्धि झाली तरी जिभा थांबत नाहींत, म्हणूनच हें निराळें वचन घालावें लागलें असलें पाहिजे.

त्याच अध्यायांत घटस्फोटाचा विधि आहे. आजकाल हा शब्द विवाहविच्छेदाच्या अर्थीं रूढ झाला असला तरी मूळ अर्थ निराळा आहे. जो पतित होऊनहि प्रायश्चित्त घेत नाहीं, त्याच्या नांवानें सपिंड व बांधव यांनीं गांवाबाहेर, निंद्य दिवशीं, सायंकाळीं उदकक्रिया करावी; दासीनें पाण्याचा घट पायानें लवंडावा; आणि मृताचें धरावें तसें एक दिवसाचें अशौच धरावें. तेथून पुढें त्याच्याशीं बोलणें नाहीं, एकत्र बसणें नाहीं, त्यास वांटा नाहीं. माणूस जिवंत असतां त्यास मेलेला ठरविण्याची ही रीत आहे. परंतु याचा उलट विधिहि लगेच दिला आहे, आणि आमच्या विषयास तोच महत्त्वाचा आहे. प्रायश्चित्त पुरें झाल्यावर त्याच बांधवांनीं त्याच्यासह पवित्र जलाशयांत स्नान करावें व पाण्यानें भरलेला नवा घट त्यांत सोडावा; मग त्यानें आपल्या घरीं जाऊन ज्ञातीचीं सर्व कर्में पूर्वीप्रमाणें करावीं. येथें ‘त्याच्यासह’ या शब्दाकडे लक्ष द्यावें. एकट्यानें स्नान करून भागत नाहीं. ज्यांनीं त्यास बाहेर घातलें त्यांनींच त्याच्याबरोबर पाण्यांत उतरावयाचें आहे. याज्ञवल्क्यानें यास गाईंची एक गोष्ट जोडली आहे. शुद्ध झालेल्यानें ज्ञातींच्या मध्यें उभें राहून गाईंस चारा घालावा; गाईंनीं प्रथम त्याचा सत्कार केला म्हणजे मग ज्ञातींनीं करावा. गाय भुकेली असली तर ती कोणाच्याहि हातचें गवत खाते, हें खेड्यांतल्या माणसास सांगावयास नको. ही परीक्षा परत येणाऱ्याच्या बाजूनेंच झुकलेली आहे, असें मला वाटतें.

कौटिलीय अर्थशास्त्र म्हैसूर येथें शामशास्त्री यांस सांपडून इ. स. १९०९ त छापलें गेलें, तेव्हांपासून या प्रश्नाची राजकीय बाजूहि दिसूं लागली. नागरकाच्या प्रकरणांत बंदिवान सोडण्याचे प्रसंग दिले आहेत : राजाचें जन्मनक्षत्र व पौर्णिमा या दिवशीं बाल, वृद्ध, रोगी व अनाथ यांस सोडावें; नवा देश जिंकला, युवराजास अभिषेक झाला किंवा राजपुत्र जन्मला म्हणजे सर्वांसच मोकळें करावें. याहून उपयुक्त विवेचन सातव्या अधिकरणांत आहे. आपल्याला सोडून गेलेला व परत आलेला, ज्यास कौटिल्य ‘गतागत’ म्हणतो, त्याचे तेथें चार प्रकार केले आहेत. कारणानें गेला व कारणानें आला. कारणावांचून गेला व कारणावांचून आला. कारणानें गेला पण कारणावांचून आला. आणि याच्या उलट. स्वामीच्या दोषामुळें गेला व स्वामीच्या गुणांमुळें परत आला, त्यास घ्यावें. ज्यास दोन्ही वेळां कारण नाहीं तो चंचल. त्यास घेऊं नये. ही कसोटी हातीं धरून आतां नेताजी पालकराकडे वळूं.

नेताजी हा शिवाजी महाराजांचा सरनोबत; त्यास लोक प्रतिशिवाजी म्हणत. पुरंदरच्या तहानंतर महाराज मिर्झा राजा जयसिंगाच्या बाजूनें विजापूरकरांवर गेले. इ. स. १६६६ च्या जानेवारींत पन्हाळ्यावरील हल्ला फसला, त्या वेळीं नेताजी वेळेवर पोंचला नाहीं म्हणून महाराजांनीं त्यास दूर केलें. तो विजापूरकरांकडे गेला. तेथून जयसिंगानें त्यास पांच हजारी मनसब देऊन मोगलांकडे ओढलें. ऑगस्टांत महाराज आग्र्याहून निसटले, आणि त्याचा भुर्दंड नेताजीस बसला. औरंगजेबाच्या हुकुमावरून जयसिंगानें त्यास ऑक्टोबर १६६६ मध्यें धारूर येथें कैद करून दिल्लीस पाठविलें. ज्या धन्यानें त्यास घालविलें होतें त्याच्याच निसटण्याचा सूड त्याजवर उगविला गेला, ही या कथेंतील विलक्षण गोष्ट होय. दिल्लीच्या बंदींत त्यानें इ. स. १६६७ च्या आरंभीं धर्मांतर कबूल केलें. महंमद कुलीखान हें नांव मिळालें, मनसब मिळाली, बायका दक्षिणेंतून आणविण्यांत आल्या, आणि महाबतखानाबरोबर त्याची रवानगी काबुलाकडे झाली. वाटेंत लाहोराजवळ त्यानें पळण्याचा यत्न केला, तो साधला नाहीं. पुढें सुमारें नऊ वर्षें तो अफगाणांच्या मुलखांत मोगलांची चाकरी करीत राहिला.

इ. स. १६७६ मध्यें दिलेरखानाबरोबर दक्षिणेंत आल्यावर तो महाराजांकडे परत आला. जेधे शकावलींत शके १५९८ आषाढ वद्य चतुर्थीस, म्हणजे १९ जून १६७६ रोजीं, त्याच्या प्रायश्चित्ताची व शुद्धीची अगदीं त्रोटक नोंद आहे. अशा नोंदींची किंमत जाणकारांस सांगावयास नको. शकावली करणारास येथें रंग भरण्याचें कारण नव्हतें. त्यानें ही गोष्ट किल्ले, लढाया व मृत्यु यांच्या रांगेंत बसविली, यावरूनच त्या काळीं ती केवढी वाटली असेल हें दिसतें.

कौटिल्याच्या कसोटीवर नेताजी पहिल्या प्रकारांत बसतो. तो कारणानें गेला, कारण धन्यानेंच त्यास दूर केलें होतें. काबुलाकडे तर तो स्वेच्छेनें गेलाच नाहीं. आणि दक्षिणेची वाट मोकळी होतांच तो परत आला. परंतु त्यास काय परत मिळालें आणि काय मिळालें नाहीं, हें निरनिराळें पाहिलें पाहिजे. पंगत मिळाली. सरनोबती मिळाली नाहीं. त्याच्या मागून प्रतापराव गुजर सरनोबत झाला होता, तो इ. स. १६७४ मध्यें नेसरीस पडला, आणि नेताजी आला तेव्हां त्या पदावर हंबीरराव मोहिते होता. पुढील मोहिमांत नेताजीचें नांव पूर्वीसारखें गाजलेलें आढळत नाहीं. दहा वर्षें बाहेर काढून आलेल्या माणसाची जागा भरून गेलेली असते, आणि जो ती भरून बसला आहे त्याचाहि कांहीं अपराध नसतो. शुद्धीच्या उत्सवाचें वर्णन करणारे लेखक या दुसऱ्या बाजूचा विचार करीत नाहींत, म्हणून येथें ती मुद्दाम नोंदिली.

नेताजीस प्रायश्चित्त कोणत्या आधारावर दिलें गेलें असावें? देवलस्मृति या नांवाचा लहानसा ग्रंथ आनंदाश्रमानें इ. स. १९०५ च्या ‘स्मृतीनां समुच्चयः’ या संग्रहांत छापला आहे. सिंधूच्या तीरीं बसलेल्या देवलास ऋषि प्रश्न विचारतात, असा त्याचा आरंभ आहे. सिंधप्रांतावर अरबांचा अंमल बसल्यानंतरच्या परिस्थितीचा तो द्योतक आहे, असें विद्वान् मानतात. म्लेच्छांनीं किंवा दस्यूंनीं बळानें धरून नेलेले, दास केलेले, न करावयाचें करावयास व न खावयाचें खावयास लावलेले जे लोक, त्यांचें काय, हाच त्याचा मुख्य प्रश्न. उत्तरांत वर्ण, वय व बंदीचा काळ यांप्रमाणें तारतम्य केलें आहे. महिन्यास एक, वर्षास त्याहून कडक, असें प्रायश्चित्त चढत जातें. पण जेथें काळ फारच लांबतो, पांच-सात वर्षांपासून दहा-वीस वर्षांपर्यंत, तेथें मात्र अवघीं दोन प्राजापत्यें सांगितलीं आहेत. ऐंशीं वर्षांवरील वृद्ध, सोळा वर्षांखालील मुलगा, स्त्री व रोगी यांस अर्धें. आणि अकरा वर्षांहून लहान मुलाबद्दल तर भाऊ, बाप किंवा गुरु यांनीं तें करावयाचें.

प्राजापत्य म्हणजे बारा दिवसांचें व्रत : तीन दिवस सकाळीं जेवण, तीन दिवस सायंकाळीं, तीन दिवस न मागतां मिळेल तें, आणि तीन दिवस उपास. दोन म्हणजे चोवीस दिवस. हेंहि ज्यास झेपत नाहीं त्यानें एका प्राजापत्याबद्दल एक गाय द्यावी, असा प्रत्याम्नाय निबंधकार देतात. वीस वर्षें परमुलखांत काढून आलेल्या माणसाला चोवीस दिवस किंवा दोन गाई! शाळेंत असतां मीं हा भाग प्रथम वाचला तेव्हां मला ही ढिलाई वाटली होती. आतां तसें वाटत नाहीं. थोडा काळ बंदींत राहिलेल्यास घर आठवत असतें, घरासहि तो आठवत असतो. ज्यास वीस वर्षें झालीं त्याच्या वाटेंत आणखी दगड टाकले तर तो फिरणारच नाहीं, हें स्मृतिकारानें ओळखलें होतें. डॉ. पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासांत या ग्रंथाचा विस्तारानें परामर्श घेतला आहे. जिज्ञासूंनीं तो अवश्य पाहावा.

आतां नेताजीच्या जागीं आलेल्या प्रतापराव गुजराच्या घराकडे पाहूं. इ. स. १६८९ मध्यें रायगड पडला तेव्हां येसूबाई व बालशाहू यांच्याबरोबर मोगलांच्या हातीं लागलेल्यांत प्रतापरावाचा मुलगा खंडेराव हाहि होता. शाहूस धर्मांतर करावयास लावावें असा औरंगजेबाचा आग्रह पडला, त्या वेळीं शाहूऐवजीं प्रतापरावाच्या दोघां मुलांनीं तें पत्करलें. ही गोष्ट इ. स. १७०० ची. शाहू इ. स. १७०७ मध्यें सुटून छत्रपति झाले. त्यांनीं गुजरांस इनाम देऊन त्यांचें ऋण मानलें, परंतु ते जातींत परत आले नाहींत. त्यांचा वंश साताऱ्याकडे परळीच्या परिसरांत मुसलमान म्हणूनच नांदला. ज्या माणसानें राजाचें संकट आपणांवर घेतलें त्यास राजाश्रय मिळाला, पंगत मिळाली नाहीं. नेताजीस पंगत मिळाली, पद मिळालें नाहीं. या दोन उदाहरणांवरून कोणताहि एक सिद्धांत काढण्यास मी तयार नाहीं. गुजरांनीं परत येण्याची इच्छा तरी धरली होती कीं नाहीं, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. ज्या नांवानें त्यांनीं धन्यास वांचविलें तें टाकून देणें त्यांस कदाचित् रुचलेंहि नसेल.

याच शाहू महाराजांच्या पुढें पुताजी बंडगराचें प्रकरण आलें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशांवर जो निबंध इ. स. १९०० मध्यें रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें वाचला, त्यांत या प्रकरणाचा सारांश दिला आहे. पुताजी हा मोगलांच्या हातीं सांपडला. त्यांनीं त्यास बळानें मुसलमान केलें. वर्षभर त्यांच्यांत राहिल्यावर बाळाजी विश्वनाथाच्या दिल्लीच्या स्वारींतील फौजेस तो येऊन मिळाला. त्याच्या विनंतीवरून, जातीच्या संमतीनें, शाहू महाराजांनीं त्यास परत घेण्यास मंजुरी दिली. रानड्यांनीं त्यास मराठा म्हटलें आहे. बंडगर हें आडनांव धनगरांतहि आढळतें, तेव्हां मूळ कागद पाहणारांनीं तेवढें तपासावें.

या प्रकरणाचा काळ मात्र मनांत धरून ठेवण्यासारखा आहे. इ. स. १७१८-१९ च्या याच स्वारीनें चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, आणि याच स्वारीबरोबर येसूबाई जवळजवळ तीस वर्षांच्या बंदिवासानंतर दक्षिणेंत परत आल्या. राजमाता व एक सामान्य शिपाई, दोघेंहि मोगलांच्या बंदींतून, एकाच फौजेच्या आश्रयानें घरीं आलीं. आणि ज्या राजानें पुताजीचा अर्ज ऐकला त्यानें स्वतः वयाच्या सातव्या वर्षापासून अठरा वर्षें मोगलांच्या छावणींत काढलीं होतीं. अर्ज ऐकणारा स्वतःच सुटलेला बंदिवान असल्याचें दुसरें उदाहरण आमच्या इतिहासांत सहसा सांपडणार नाहीं. तरीहि महाराजांनीं केवळ आज्ञेनें काम उरकलें नाहीं. जातीची संमति आधीं, राजाची मंजुरी मागून. पंगत बसविणें राजाच्या हातांत नव्हतें, ती बसल्यावर कोणी मोडूं नये एवढेंच त्याच्या हातांत होतें.

रानडे दुसरें उदाहरण रास्ते आडनांवाच्या एका कोंकणस्थ ब्राह्मणाचें देतात. हैदरानें त्यास राजबंदी करून आपल्या फौजेबरोबर ठेवलें होतें. जीव वांचविण्यासाठीं तो तिकडील आचारानें राहिला असावा, असा संशय होता. त्यासहि ब्राह्मणांच्या संमतीनें व सरकारच्या मंजुरीनें पंक्तींत घेतलें. येथें दोष सिद्ध झालेला नाहीं. संशय तेवढा आहे, आणि शुद्धि संशयाची करावी लागली आहे. बंदींतून आलेल्या माणसाची खरी अडचण पुष्कळ वेळां हीच असते. त्यानें काय केलें हें पाहणारा साक्षीदार गांवांत कोणी नसतो, म्हणून प्रत्येकजण आपल्या कल्पनेप्रमाणें तें भरून काढतो.

येथवर झालें तें पोथीचें व पंगतीचें. आतां शरीराचें एक उदाहरण देतों, कारण तें आमच्या पुण्यांतलें असून पुण्यांत फारसें सांगितलें जात नाहीं. टिपूबरोबरच्या इ. स. १७९०-९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या लोकांस सांपडला. त्यांनीं त्याचें नाक व एक हात कापून त्यास सोडलें. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत त्याची हकीकत चित्रासह छापली आहे. तेथें त्याचें नांव कावसजी असें दिलें आहे. तें पारशी नांव मराठा कुणब्यास कोठून येणार? मूळ ‘कावजी’ असावें, असा माझा तर्क आहे.

नाक जाणें ही केवळ जखम नव्हे. आमच्या भाषेंत नाक म्हणजे अब्रू, आणि नाक कापणें ही पूर्वीं बदफैली वगैरे गुन्ह्यांची शिक्षा असे. तेव्हां असा माणूस अनोळखी गांवांत गेला कीं त्याचा चेहराच त्याजविरुद्ध साक्ष देई. तो लढाईंत पकडला गेला होता हें ऐकून घेण्यास कोण थांबणार? कावजी वर्षाहून अधिक काळ तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें, म्हणजे आमच्याकडील कुंभारानेंच म्हणावयाचें, त्यास नवें नाक करून दिलें. त्यानें मेणाचें नाक करून तें कपाळावर पसरलें, त्या मापानें कपाळाची कातडी कापली, डोळ्यांमधला एक पदर न तोडतां ती खालीं फिरवून नाकाच्या जागीं बसविली, आणि टांके न घालतां काथ लावलेल्या पट्टीनें चिकटविली. दोन इंग्रज वैद्यांनीं हें काम प्रत्यक्ष पाहिलें. सुश्रुताच्या सूत्रस्थानांत नासासंधान सांगितलें आहे, पण तेथें कातडी गालाची घेतली आहे. कपाळाची घेण्याची रीत या कारागिरांच्या परंपरेंत केव्हां आली, हा स्वतंत्र शोधाचा विषय आहे. ही हकीकत वाचून पुढें इ. स. १८१४ मध्यें लंडनांत कार्प्यू नांवाच्या वैद्यानें तसेंच नाक करून दाखविलें. कावजीस कंपनीनें पेन्शन दिलें होतें. हात गेला तो गेलाच. पण पोटास पेन्शन व तोंडावर नाक, एवढ्यानें तो बाजारांतून हिंडूं लागला असेल. ज्या कुंभारानें हें केलें त्याचें नांव मासिकांत नाहीं.

पानिपतविषयीं थोडक्यांत लिहितों. तो विषय मोठा आहे व त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. इ. स. १७६१ च्या त्या दिवसानंतर जे जिवंत निघाले त्यांपैकीं अनेकांस शुजाउद्दौल्याच्या गोटांत आसरा मिळाला, आणि जे जाटांच्या मुलखांत पोंचले त्यांस सुरजमलानें अन्नवस्त्र देऊन ग्वाल्हेरच्या वाटेस लाविलें. बलुचिस्तानांत डेरा बुगतीच्या बाजूस मराठा म्हणविणारा एक समाज आहे. अबदालीनें बलुचांस दिलेल्या बंदिवानांचे आपण वंशज, अशी त्याची परंपरा सांगितली जाते. त्यांच्यासाठीं देवलाचीं दोन प्राजापत्यें कोणींच नेलीं नाहींत.

पण पानिपतानें एक निराळाच प्रश्न उभा केला. परत येणारा माणूस खरा तोच कशावरून? सदाशिवरावभाऊंचा देह ओळखला गेला कीं नाहीं याविषयीं शंका राहिली. पार्वतीबाई सौभाग्यचिन्हें धारण करून राहिल्या. अशा स्थितींत सुखलाल नांवाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून पुढें आला. तो तोतया ठरून किल्ल्यांवर कैदेंत पडला, आणि इ. स. १७७६ मध्यें रत्नागिरीहून सुटून त्यानें कोंकणांत बंड उभारलें; त्याच वर्षाच्या अखेरीस त्यास पुण्यांत देहांत शासन झालें. तोतयाची कथा रंजक म्हणून सांगतात. मला तिच्यांतून दिसतात ते दुसरेच लोक : ज्यांस खूणगांठ पटवितां आली नाहीं, दाढी वाढलेली, एक डोळा गेलेला, भाषेंत हिंदुस्थानी हेल आलेला, असे जे कोणी सामान्य शिपाई त्या वर्षांत आपल्या दारांत येऊन उभे राहिले असतील, त्यांजकडे या एका तोतयामुळें घरच्यांनीं कोणत्या नजरेनें पाहिलें असेल?

स्वपक्षाच्याच कैदेंत पडलेल्यांची गोष्ट निराळी. परशुरामभाऊ पटवर्धन इ. स. १७९६ च्या घालमेलींत पकडले गेले, दोन वर्षांनीं साताऱ्याचा प्रसंग उद्भवतांच सरकारास सेनापति पाहिजे झाला, तेव्हां त्यांस मोकळें केलें, आणि इ. स. १७९९ मध्यें कोल्हापूरकरांशीं लढतांना ते पट्टणकुडीस पडले. येथें प्रायश्चित्त नाहीं, गोत नाहीं, घट नाहीं. गरज उत्पन्न झाली आणि बेडी निघाली. मनूच्या वचनाप्रमाणें राजदंडानें दोष राहत नाहीं हें सरदारांच्या बाबतींत सरकारें सहज मानीत; माझ्या विद्यार्थ्यासारख्या पागेंतल्या एखाद्या बारगिरास तेंच वचन कोणीं लागू केलें होतें काय, हें पाहावयाचें आहे.

आणि त्यासाठींच संग्राहकांस विनंति करावयाची आहे. वर दिलेलीं बहुतेक उदाहरणें दरबारी कागदांतलीं, म्हणून मोठ्या नांवांचीं आहेत. सामान्य शिपायाचा पुनःप्रवेश गांवच्या पातळीवर, जातीच्या सभेंत होत असे. त्याचे कागद राजदप्तरांत कमी, आणि पाटील, कुळकर्णी, देशमुख, उपाध्ये व धर्माधिकारी यांच्या घरगुती रुमालांत अधिक असणार. शुद्धिपत्र, दोषपत्र, अभयपत्र, गोतपत, जामीनकतबा अशा मथळ्यांचे तुकडे आपण पुष्कळदां किरकोळ म्हणून बाजूस ठेवतों, कारण त्यांत लढाई नाहीं व सनद नाहीं. तसा कागद हातीं आला म्हणजे चार गोष्टी टिपून घ्याव्या : माणूस कोठें व किती वर्षें बंदींत होता, प्रायश्चित्त कोणतें व त्याचा खर्च कोणीं केला, पंगतीस कोण कोण बसले, आणि त्याची जमीन, चाकरी किंवा वतन त्यास परत मिळालें कीं नाहीं. चौथी गोष्ट कागदांत फार वेळां नसते. ती त्याच घराण्याच्या पुढच्या पिढीच्या वांटपपत्रांत शोधावी लागते.

माझ्या विद्यार्थ्यास एका गृहस्थांनीं आपल्या गुऱ्हाळावर ठेवून घेतलें आहे. त्याच्याकडे जुन्या कागदांचा एक रुमाल आहे, तो मजकडे आणून देण्याचें त्यानें कबूल केलें आहे; त्यांत कांहीं निघाल्यास पुढील अंकीं कळवीन.